आपला माणूस बसला

मी बोलतेय, अमेरिकेत ईडन प्रेरीला राहणाऱ्या वसुधाकाकूंच्या घरची घडीची खुर्ची. सध्या गॅरेजमध्ये भिंतीला टेकून उभी आहे. बाहेर बर्फ आहे आणि इकडे कुणी फिरकत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते आठवत नाही. काकूंनी मला आणि माझ्या अकरा बहिणींना दुकानातून एकदमच घरी आणलं. काकू रिटायर्ड डॉक्टर. काकांना जाऊन तीन वर्षं झालेली. एकट्या बाईला बारा खुर्च्या कशाला, हे मला कळेना.

मग त्यांचं फोनवरचं बोलणं कानावर पडलं. "अहो, आपला माणूस उभा राहिलाय! प्रेसिडेंटसाठी. शनिवारी सगळे माझ्याकडे या." मला त्या माणसाची दयाच आली. उभा कशाला राहतो बिचारा? आम्ही बाराजणी आहोत की!

हा माणूस म्हणजे एक माजी गव्हर्नर. ना डावा, ना उजवा, कुणालाही शिव्या न देणारा. काकूंचा जीव त्याच्यात अडकला होता, त्याचं कारण मात्र घरातलं होतं. मुलगा वेद प्लेनोला, मुलगी अंतरा ॲन आर्बरला. गेल्या निवडणुकीवरून भावाबहिणीचं असं बिनसलं, की तेव्हापासून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. असा मधला माणूस निवडून आला तर भांडायला काही उरणारच नाही, दोघं पुन्हा एका टेबलाशी जेवतील, असं काकूंना वाटायचं. वेडी आशा, दुसरं काय!

शनिवारी त्यांनी बाराजणांसाठी साबुदाणेवडे तळले. आले तिघं. त्यातला अतुल चौथा वडा उचलत म्हणाला, "काकू, माणूस चांगला आहे, पण विनेबल नाहीये यार. डावे त्याला उजवा म्हणतात, उजवे डावा. पक्षाच्या प्रायमरी निवडणुकीत त्याला कोण विचारणार?"

"तू तरी मत देशील ना?"

"बघू, अजून डिसाइड नाही केलं."

बाकीच्या दोघांनी चटणीची तारीफ केली. काकू तासभर उभ्याच होत्या. नंतर बहिणींची रवानगी गॅरेजमध्ये झाली आणि मी तेवढी स्वयंपाकघरात राहिले.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आठवडाभर आधी काकूंनी टीव्ही बंद केला आणि अतुलला फोन लावला. "आपला माणूस बसला रे."

मला केवढा आनंद झाला! दमला असेल, एकदाचा टेकला. पण काकू डोळे पुसत होत्या. उमेदवारानं माघार घेतली की तो 'बसला' म्हणतात, हे मला त्या दिवशी समजलं. फार वाईट वाटलं.

मग त्यांनी वेदला फोन केला. तो म्हणाला, "आई, ही नेव्हर हॅड अ चान्स." अंतराला केला. ती म्हणाली, "मॉम, ही नेव्हर हॅड अ चान्स."

"अगं, वेदही अगदी हेच म्हणाला!" काकूंचा आवाज एकदम खुलला. "मग या ना दोघं मिळून."

"नॉट इफ ही इज देअर."

शेवटी थँक्सगिव्हिंगला वेद आला, ख्रिसमसला अंतरा. काकू पोळ्या लाटत असताना दोघंही आपापल्या वेळी माझ्यावरच बसले, अगदी कडेला, एक पाय सारखा हलवत. वेद फोनमधून मान वर न काढता म्हणाला, "अंतरा बरी आहे ना? मी विचारलं म्हणून सांगू नकोस." महिन्याभरानं अंतरा म्हणाली, "वेद ओके आहे ना? डोन्ट टेल हिम आय आस्क्ड."

काकूंनी दोघांनाही "नाही सांगणार" म्हटलं. जानेवारीत मलाही घडी घालून इथे आणून ठेवलं. आता त्या ओट्यापाशी उभ्यानंच जेवत असतील. आणि ते चौकशीचं अजून कुणालाच सांगितलं नसणार. दिलेला शब्द मोडायचा नाही, हा त्यांचा स्वभाव.

मी मात्र कुणाला शब्द दिलेला नाही. वेद, अंतरा तुझी चौकशी करत होती. अंतरा, त्यानं आधी केली होती.