आतलं काम

रबरी वायसर अजून बोल्टाला चिकटून होता, वाळून कडक झालेला, आणि त्याच्याखाली पत्र्याचा नखाएवढा तुकडा... बाकीचा पत्रा रविवारच्या वादळाने शेजारच्या प्लॉटवर नेऊन टाकला होता. भीमराज त्या तुकड्याची कड अंगठ्याने चाचपत राहिला. चाकणच्या कंपनीत फिटर म्हणून सव्वीस वर्षं गेली, निवृत्त होऊन वर्ष झालं, तरी बोटं अजून ड्यूटीवरच होती.

"काका, पत्रे अकरा धरते," श्रद्धा म्हणाली. विमा कंपनीने पाठवलेली सर्व्हेअर. मागच्या खोलीत मधोमध उभी राहून ती टॅबवर लिहीत होती आणि तिच्या डोक्यावर तळेगावचं भर दुपारचं आभाळ होतं.

"आणि खालचे अँगल?"

"ते आधीपासूनच गंजलेले वाटतात."

"मॅडम, इथं हात लावून बघा. गंजून तुटलं असतं तर कड तांबडी निघाली असती. ही पांढरी आहे. ओढून फाटलंय हे; अँगल गंजके असते तर पत्र्याआधी तेच तुटले असते."

तिने हात लावला, फोटो काढला, लिहिलं. मग वायरिंग, मग फुगलेली भिंत. शेड बांधणारा ज्योतीराम सकाळीच बजावून गेला होता — भाऊ, सगळं आजच लिहून घ्या, राहिलेलं नंतर कोणी देत नाही.

श्रद्धाने पायाशी पडलेल्या पांढऱ्या पट्ट्यांच्या ढिगाकडे पाहिलं. "सिलिंग होतं? आधीचा एखादा फोटो आहे का? नाहीतर आतलं काम धरता येणार नाही."

"नाही," तो म्हणाला. फार पटकन म्हणाला.

फोटो होता. दोन वर्षं तो खिशात घेऊन फिरत होता आणि उघडत नव्हता... नसेना का सिलिंग, इथं आता झोपतं कोण, आपण तर बाहेरच्या खोलीत पडतो — पण पत्रा तापायचा, आजारी बायकोला, कस्तुराला तो सोसायचा नाही, म्हणून तर सिलिंग ठोकलं, त्यासाठी ओव्हरटाइम घेतला, एक महिना, दोन महिने, आणि मग सवयच झाली की काय, कारण घरी आलं की तिचे हात दिसायचे, मनगटावरून घसरणाऱ्या बांगड्या दिसायच्या, आणि लाईनवर ते काही दिसत नसे. सिलिंग नव्हतंच, असं कागदावर कसं येऊ द्यायचं?

"थांबा, आहे," तो म्हणाला. त्याने मोबाइल तसाच तिच्यापुढे धरला.

पांढऱ्या पट्ट्या, पंख्याचं एक पातं, कोपऱ्यात कस्तुराचं धूसर बोट. खाली तिने टाइप केलेलं : दिवसभर हेच बघते. कधी येताय?

"तारीख दिसतेय. चालेल हे," श्रद्धा म्हणाली, आणि मग तिची नजर खालच्या ओळीवर थांबली. "काकूंनी पाठवलेला?"

"हो. सेकंड शिफ्टला होतो. ती गेली त्याच्या आठ दिवस आधी."

लोक विचारायचे तेव्हा तो सांगायचा, सुट्टीच मिळाली नाही हो. सगळ्यांना ते पटायचं. त्याच्या मुलीला, मैत्रीलाही पटलं होतं.

"मग आलात लवकर?" तिने सहज विचारलं.

"नाही. सुपरवायझर जा म्हणत होता. मीच डबल ड्यूटी केली."

श्रद्धाने सिलिंगची ओळ भरली, मोजमाप विचारलं, त्याने बारा बाय दहा सांगितलं. सगळं आलं होतं आता, पत्र्यापासून रंगापर्यंत, आणि ती टॅब बॅगेत ठेवू लागली तशी त्याला एकदम वाटलं, हिने अजून विचारावं — कस्तुरा कशी हसायची, मोबाइलवर टाइप करायला तिला कोणी शिकवलं, भाजीत मीठ जास्त झालं की ती कोणावर ढकलायची... त्याने सगळं सांगितलं असतं, उभ्या उभ्या, त्या उन्हात. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याला तिच्याविषयी बोलायचं होतं, आणि विचारणारी तर दारात चपला घालत होती.