सोमवारची साखर

पवनीजवळच्या आमच्या गावात त्या दिवशी देवळापुढच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. शर्करानाथ महाराज लोकांच्या रक्तातून आत्मे काढत होते. जुन्या महाराजांना त्यासाठी लिंबू लागायचं. यांच्याकडे साखर मोजायचं यंत्र होतं. विज्ञानाची प्रगती म्हणतात ती हीच असावी.

आधी हातावर गूळ-लाह्यांचा प्रसाद. तो खाऊन होताच त्याच चिकट बोटाला सुई. आकडा चारशेजवळ गेला की महाराज डोळे मिटून आत्म्याचं नाव सांगत. मग शिष्य तो हात वैनगंगेच्या पाण्याने धुई, पुन्हा सुई टोची, आणि आकडा खाली.

"आधा गया!" महाराज गर्जत. "बाकी आधा गोळ्यांना चिकटून हाय. गोळ्या नदीत सोडा!"

माझे बाबा जाऊन दीड महिना झाला होता. आईला डायबेटिस. दर सोमवारी सकाळी बाबा तिच्या उपाशीपोटीची साखर मोजून कॅलेंडरच्या चौकोनात लिहीत. १२८. १३४. १३०. ते गेल्यावर आई स्वतः मोजू लागली. २१०. २३६. २२४. गोळ्या त्याच, जेवण निम्म्यावर.

शेजारच्या चंद्रभागाबाईंनी कॅलेंडर पाहून निदान केलं होतं, "कौशल्याबाई, भाऊजीचा जीव तुमच्यातच अडकला वो. आकडाच सांगून राहिला ना!"

म्हणून आई मांडवात आली होती. काखेत कॅलेंडरची गुंडाळी, पदराच्या गाठीत गोळ्या.

महाराजांनी कॅलेंडर गर्दीपुढे फडकवलं. "देखो, गेला तेव्हापासून चढली! माय, तो तुझ्यात बसून गोड मागून राहिला."

बाबांना ओळखत असते तर महाराज असं बोलले नसते. आईला एकटं वाटू नये म्हणून बाबा अकरा वर्षं बिनसाखरेचा चहा प्यायले.

आईचा आकडा आला ३९०. हात धुतल्यावर २३०. आईने पदराची गाठ सोडायला घेतली.

"थांब, माय. आधी माझं मोजू दे," मी तिचा हात धरून म्हणाले.

"तुले कुठं साखर हाय?"

"म्हणूनच."

मी प्रसाद बोटांवर चोळला आणि हात पुढे केला. ४१२.

"अवो माय! पोरीतही शिरले!" चंद्रभागाबाई किंचाळल्या.

"दोघींत एकदमच? जिवंतपणी तर बाबा एका वेळी एकाच खुर्चीत बसायचे, काकू."

हातपंपावर साबणाने हात धुतले, कोरडे केले, पुन्हा मोजायला लावलं. ९६.

"काकू, बोटाले लागलेला गूळच मोजून राहिले हे. महाराज, आता तुमच्या बोटाले लावू का?"

महाराजांना अचानक दूरच्या एका भक्ताची हाक ऐकू आली. यंत्र पिशवीत, पिशवी जीपमध्ये.

लोक हसले. आई हसली नाही.

"गुळाचं समजलं," ती म्हणाली. "पण घरी तर हात धुतले राहतात. उपाशी राहतो. तरी दोनशेच्या वर कायले जाते? तेच तर नसतील?"

तिच्या आवाजात भीती नव्हती. आशा होती. महाराजांपेक्षा तिला उत्तर देणं फार अवघड होतं.

"माय, बाबा गेल्यापासून झोपली किती तू?"

"डोळाच नाही लागत."

"दुःख, काळजी, जागरण; शरीराले वाटते संकट आलं. मग ते अशी द्रव्यं सोडते, की यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते आन् इन्सुलिनचा जोर कमी पडते. बिनाडायबेटिसचं शरीर सावरून घेते. तुझ्याच्यानं नाही होत. त्यात गोळ्या सोडल्या असत्या, तर मले मांडवात नाही, दवाखान्यात बसा लागलं असतं."

"म्हणजे ते नाहीत?"

"नाही, माय. बाबा गेले. हे तुझं दुःख हाय."

तिने गाठ परत बांधली.

"मंग माह्या गोळ्याईचं काय वो?" चंद्रभागाबाईंनी हळूच विचारलं. "म्या तं सकाळीच सोडल्या नदीत."

दोघींना घेऊन मी तेव्हाच दवाखान्यात गेले.

वाढलेला आकडा खरा असू शकतो. त्याचं कारण मात्र मांडवात विचारू नका. हात धुऊन पुन्हा मोजा, आणि डॉक्टरांना जेवणाबरोबर झोपेचं, काळजीचं, घरातल्या मृत्यूचंही सांगा. त्यांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. माणसाला शोक करायला आत्म्याची परवानगी लागत नाही.

पुढच्या सोमवारी मी राहते त्या भंडाऱ्याहून पहिल्या बसने आले. आईच्या बोटाला सुई मी टोचली. १९२. तिने चौकोनात आकडा लिहिला आणि दोन कप चहा ठेवला.

दोन्ही बिनसाखरेचे.