काट्याचा सबूत

नवी सून येऊन दोन महिने झाले नव्हते, तोच ईश्वरअप्पांच्या घरात काटे चालायला लागले.

पहिला चालला तो दातवणाच्या काडीवरचा. शांतम्मा परसातल्या बाभळीची काडी तोडत होती. ती तशीच टाकून आत आली आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, काटा सरकला." गंगम्मा बघायला गेल्या. काटे जिथल्या तिथं होते.

आठवड्यानं काटा उडाला. मग एक दिवस जेवताना शांतम्मानं सांगितलं, "त्याला दोन शिंगं हायत. मुंग्या त्याची राखण करायल्यात." गंगम्मांनी घास खाली ठेवला.

ईश्वरअप्पा सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, चार बुकं शिकलेले. कुणी काही सांगितलं की ते एवढंच विचारत, "सबूत काय?" सून त्यांना बाभळीपाशी घेऊन गेली. ते जवळ आले की काटे गुपचूप फांदीच्या पलीकडच्या अंगाला जात. सासऱ्यासमोर कसं वागावं हे त्यांना सुनेपेक्षा बरं कळत होतं.

मठातल्या जंगमस्वामींनी मंतरलेली विभूती दिली. शांतम्मानं ती रोज लावली, काटे चालतच राहिले. शेवटी ईश्वरअप्पांनी सून येडी ठरवली आणि गंगम्मांनी तिला माहेरी धाडायला तिची पेटी भरली. अशी माहेरी पोचवलेली सून कुणी परत आणत नसतं, हे शांतम्माला पक्कं ठाऊक होतं. ती खूप रडली. पण "मला काही दिसलं न्हाई" एवढं म्हणाली असती तर भागलं असतं, ते तिच्यानं म्हणवेना. ही गोष्ट सांगताना मला त्या पोरीचा रागही येतो आणि अभिमानही वाटतो.

ईश्वरअप्पांनी सुनेला बसवून चुडाव्याच्या स्टेशनाकडं बैलगाडी हाकली. ओढ्याच्या चढाला बैल अडले, म्हणून ते खाली उतरले आणि त्यांच्या टाचेत काटा मोडला. काट्यानं काटा काढायचा, ही रीतच. त्यांनी कडेच्या बाभळीवरचा एक चांगला टोकदार काटा हेरला आणि चिमटीत धरला.

काट्यानं सहा बारीक पाय झाडले. मग तो चिमटीतून निसटला आणि उडून बैलाच्या शिंगावर जाऊन बसला.

"मामा, दिसला?" शांतम्मानं गाडीतून विचारलं.

ईश्वरअप्पांनी मागं-पुढं पाहिलं. साक्षीदार एकच होती आणि तिला त्यांनीच येडी ठरवलं होतं. ते लंगडत गाडीवर चढले आणि बैल माघारी वळवले.

"माघारी का आलाव?" गंगम्मांनी दारातच विचारलं.

"रेल्वे गेली."

"अन् लंगडायलाव का?"

"काटा मोडलाय."

गंगम्मांनी कुंपणाच्या बाभळीचा काटा तोडून टाचेपाशी आणला. ईश्वरअप्पांनी झटकन पाय मागं घेतला.

"थांब," ते म्हणाले. "आधी सुनेला दाखव."

गंगम्मांनी काटा सुनेपुढं धरला. शांतम्मा गाडीतून उतरली. तिनं काटा उजेडात धरून उलटसुलट पाहिला, त्याच्यावर एक फुंकर मारली.

"हा काटाच हाय, मामा."

तेव्हा कुठं ईश्वरअप्पांनी पाय पुढं केला. पेटी गंगम्मांनीच आत नेली.