बिनसांध्याचं टेबल

तीन महिन्यांपूर्वी दोन देशांच्या फौजा गळ्यात गळा घालून तिसऱ्या देशावर चालून गेल्या होत्या. आता त्याच फौजा ढुंगणाला पाय लावून परत येत होत्या. चढाई करताना एका गोष्टीवर एकमत झालं नाही, पळताना मात्र काय ती एकी! तोफा टाकल्या, तंबू टाकले, पिठाची पोती टाकली. टाकलं नाही ते फक्त टेबल.

टेबल बनवलं होतं फौजेबरोबर आलेल्या मिस्त्रीनं. साठीचा माणूस, चाळीस वर्षं रंधा हातात, पण असलं काम त्याच्या बापजन्मी आलं नव्हतं. दोन सेनापती. एक मिशीवाले, एक चष्मेवाले. चौकोनी टेबलाच्या टोकाला मानाची खुर्ची येते आणि तिथं बसायचं कोणी, यावर त्यांनी पंधरा दिवस घोळ घातला. शेवटी ठरलं, गोल करा. मग निघालं, वर सांधा दिसता कामा नये, कारण सांधा म्हणजे मधोमध आखलेली सरहद्द.

"साहेब, सांधा पक्का बुजवला तर पुन्हा सुटं होणार नाही," मिस्त्री म्हणाला होता.

"सुटं कशाला करायचंय?" मिशीवाले हसले. "आपण काय परत येणार आहोत?"

मग मिस्त्रीनं नऊ फुटांचं टेबल आतून खुंट्या ठोकून, सरस ओतून असं एकजीव केलं की नखाला सांधा लागू नये. एका कडेला एका फौजेचा गरुड कोरला, बरोबर समोरच्या कडेला दुसरीचा घोडा. त्या टेबलाभोवती बसून दोघांनी तीन महिने काय दिवे लावले, ते मागं पडलेल्या मढ्यांना विचारावं.

मिस्त्रीला खरं तर टेबलाचं काही पडलं नव्हतं. त्याचा जीव अडकला होता मागच्या गाड्यांत. टेबलाच्या गाड्यामागं जखमींच्या अकरा बैलगाड्या होत्या आणि तिसऱ्या गाडीत त्याचा जावई होता. हा जावई त्याला कधी पसंत नव्हता. कचेरीत कारकुनी करत होता, ती सोडून बँड वाजताना ऐकून भरती झाला. असला अर्धवट! पण लेकीनं निरोप धाडला होता, "बाबा, त्यांना घेऊनच या." जावयाच्या मांडीत गोळी होती, अंगात ताप फणफणत होता. डॉक्टरनं बजावलं होतं की दुपारच्या आत नदीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात पोचला तर वाचेल.

आणि शत्रू मागोमाग येऊ नये म्हणून बाराच्या ठोक्याला नदीवरचा पूल उडवायचा होता. सुरुंग लावून माणसं बसलीसुद्धा होती.

सेनापती दोघं पहाटेच एका मोटारीतून, मागच्या सीटवर खांद्याला खांदा लावून, सुखरूप पलीकडे गेले. मागोमाग टेबल निघालं. चार घोड्यांच्या गाड्यावर ते पालथं घातलं होतं, मेलेल्या गुरासारखं पाय वर करून. पुलाच्या मध्यावर दोन दगडी खांब आहेत. नऊ वाजता टेबल तिथं अडकलं.

टेबलाबरोबर दोन कप्तान होते, एकेका फौजेचा एकेक. मिस्त्री पळत पुढं आला.

"साहेब, आडवं जाणार नाही. कडेवर उभं करा, सरळ निघेल."

"उभं केलं की खाली कोण?" गरुडवाला कप्तान म्हणाला. "आमचा गरुड चाकाशी घासत नेणार?"

"मग घोडा न्यायचा का?" दुसरा उसळला.

"अहो, जरा फिरवून घ्या. एक पुढं येईल, एक मागं. खाली कुणीच नाही."

दोघंही विचारात पडले. मग घोडेवाल्या कप्तानानं हळूच विचारलं, "पण जो पुढं राहील, तोच आधी पळाला असं नाही का दिसणार?"

मिस्त्रीला वाटलं, यांच्या टाळक्यात रंधा घालून बघावा, आत भुसा तरी निघतो का. चाळीस हजार माणसं दोन्ही हात वर करून पळतायत, आणि याला चिंता लाकडाच्या घोड्याची! पण कप्तानांच्या कमरेला पिस्तुलं होती. निकाल विचारायला दोन घोडेस्वार पलीकडे धाडले. स्वारसुद्धा दोन, कारण एकाचा एकावर विश्वास नव्हता.

साडेदहा वाजले. निरोप आला: सेनापती चर्चा करताहेत.

मिस्त्री तिसऱ्या गाडीपाशी जाऊन आला. जावई एका पोरगेल्या शिपायाशी एकाच घोंगडीखाली पडला होता. तो शिपाई दुसऱ्या फौजेचा, पोटात जखम झालेला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी जावयानं त्याचा हात धरून ठेवला होता.

"मामा, याला पाणी हवंय बहुतेक," जावई म्हणाला. "मघापासून आईला हाका मारतोय. तेवढं कळतं."

"तू स्वतःचं बघ," मिस्त्री खेकसला आणि त्यानं शिपायाचे ओठ ओले केले.

अकरा वाजून गेल्यावर तो पुन्हा पुढं आला आणि दोघा कप्तानांसमोर उभा राहिला.

"साहेब, तुम्ही हुकूम देऊ नका. नुसती पाठ फिरवा. जे होईल ते मी केलं."

दोघांच्या चेहऱ्यावर अशी काही सुटका दिसली की लाजेनं मान खाली जावी, पण लाज वाटायला ती आधी असावी लागते. तरीही अडलंच. आधी पाठ कोणी फिरवायची? शेवटी मिस्त्रीनं मोठ्यानं आकडे म्हटले, आणि तीन म्हणताच दोन्ही कप्तानांनी एकदम पाठ फिरवली.

गाडीवाले वाटच बघत होते. वीस जणांनी एका बाजूनं खांदे लावले. पुलाचा कठडा गुडघ्याएवढा. टेबल तिरपं झालं, कठड्यावरून घसरलं आणि नदीत कोसळलं. तीन महिन्यांत त्या टेबलाचा झालेला हा पहिला उपयोग. मिस्त्रीनं खाली वाकूनसुद्धा पाहिलं नाही, तो घोड्यांना पुढं हाकायला धावला.

बाराला पाच कमी असताना शेवटची गाडी पार झाली. मागं पूल उडाला.

पलीकडच्या तीरावर सेनापती चहा घेत होते. मिस्त्रीला पुढं बोलावलं. मिशीवाल्यांनी पेला खाली ठेवून विचारलं, "पाण्यात आधी काय गेलं? गरुड की घोडा?"

"दोन्ही एकदम, साहेब."

दोघांचे चेहरे खुलले. त्यांनी उठून एकमेकांचे हात हातात घेतले. जखमी किती आले, हे कुणी विचारलं नाही.

मिस्त्री गाडीपाशी परत आला. याच तीरावर वाट बघत थांबलेली लेक आली होती, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. जावई शुद्धीवर होता.

"मामा, याला जरा हलवा ना. पुलावर होतो तेव्हापासून बोललाच नाही."

मिस्त्रीनं शिपायाच्या गालाला हात लावला. गाल गार पडला होता. नऊ वाजता पूल ओलांडला असता तर या पोरानं आत्ता पाणी मागितलं असतं. जावयाच्या बोटांतून त्यानं एकेक करत पोराची बोटं सोडवली, आणि जावयाच्या कपाळावर हात ठेवून, "राहू दे, दमलाय तो," एवढंच म्हणाला. जन्मात पहिल्यांदाच तो त्याच्याशी मऊ बोलला होता.

मागून चष्मेवाल्यांची हाक आली.

"अहो मिस्त्री! सोमवारी तहाची बैठक बसायची आहे. तसंच दुसरं टेबल होईल ना? लाकूड आहे?"

मिस्त्री वळला नाही. कमरेची मोजपट्टी काढून तो पोराची लांबी मोजत होता.

"लाकूड आहे," तो म्हणाला. "पण ते याच्या पेटीला लागणार आहे. तुम्ही जमिनीवर बसा."