पुतळीच्या कपाळावरच्या आठ्या

पैज लागली ती जिन्यात. पाण्याची मोटर बंद पडली होती आणि सगळी इमारत बादल्या घेऊन रांगेत उभी होती.

"पार्लरातलं चेहरा बघायचं मशीन आहे ते," बँकेतले कॅशियरसाहेब म्हणाले. "माणूस खोटं बोलेल, मशीन नाही."

"मग मी असा चेहरा आणतो, की तुमचं मशीन तोंडावर आपटेल," कळलावेकाका म्हणाले.

"आणि नाही आपटलं तर?"

"माझ्या दुकानाच्या काचेत पुतळा होऊन उभा राहीन, दुपारपर्यंत. अंगावर तुम्ही द्याल तो झगा. आणि आपटलं, तर तुम्ही उभं राहायचं."

बादल्या वाजवून लोकांनी पैज पक्की केली.

कळलावे हे काही काकांचं आडनाव नव्हतं. तयार कपड्यांचं दुकान चालवायचं आणि उरलेल्या वेळात दोघांत कळ लावून मजा बघायची, हा त्यांचा जोडधंदा. या वेळी मात्र मजा नव्हती. या वेळी पुतणीचा प्रश्न होता.

धाकट्या भावाची ही पोर नोकरीसाठी काकांकडे राहायची. हसायला लागली की खालच्या मजल्यावरचे वर बघायचे, म्हणून तिचं नाव खिदळी. ही खिदळी कोपऱ्यावरच्या नव्या पार्लरात गेली. तिथल्या मॅडमनी तिचा चेहरा मशीनमध्ये बघितला आणि सांगितलं, "हसणं हाच तुमचा शत्रू. तिशीच्या आत डोळ्यांच्या कडेला जाळं होणार. आठ्या यायच्या आधीच सुई घ्या, प्रिव्हेन्टिव्ह बोटॉक्सची."

त्या दिवसापासून घर मुकं झालं. काकांनी साखरेच्या डब्यात मीठ भरून पाहिलं. खिदळी चहा प्यायली आणि इस्त्री मारलेल्या चेहऱ्यानं म्हणाली, "मीठ आहे, काका."

"अगं, तेविशीची तू. आठी आहे कुठे?"

"नाहीये, म्हणूनच तर. आल्यावर घेऊन काय उपयोग?"

"आणि सुई घेऊन आठी आली नाही तर?"

"मग सुई लागू पडली."

"आणि आली तर?"

"मग उशीर केला मी."

काकांनी डोकं धरलं. चित पडो नाहीतर पट, जिंकायचं मॅडमनीच. या पोरीशी वाद घालणं म्हणजे धुक्याला गाठ मारणं. रविवारी तिची सुई ठरली होती.

रविवारी पार्लरात पाय ठेवायला जागा नव्हती. पण गडबड अजिबात नाही. बोललं की रेषा हलतात, असं मॅडमनी बजावलेलं. मधोमध पडदा. अलीकडे काळी पेटी, तिच्या भोकात चेहरा खुपसायचा. पलीकडे मॅडम, स्क्रीनसमोर. त्या माणसाकडे बघायच्याच नाहीत. माणसाकडे बघून मन हळवं होतं म्हणे, मशीन तटस्थ असतं.

काकांबरोबर कॅशियर होते, साक्षीला. इमारतीतल्या डॉक्टरबाईही होत्या, त्यांना काकांनी मुद्दाम आणलं होतं. रांगेत पुढे खिदळी.

"पुढचा चेहरा," पडद्याआडून आवाज आला.

काकांनी खिदळीला मागे सारलं, पिशवीतून दुकानातल्या पुतळीचं मुंडकं काढलं आणि पेटीत खुपसलं. रांगेला तोंडावर बोट ठेवून दाखवलं.

"अरेरे," मॅडम म्हणाल्या. "फार विचार करता हो तुम्ही. झोप नाही धड."

"नाही हो," काका बारीक आवाजात म्हणाले.

"सासूशी पटत नाही?"

"कसं पटेल, मला धडच नाही."

"तोंडात हवा गेलीय, नीट बोला. कपाळावर दोन आडव्या, भुवयांमध्ये एक उभी. दिसत नाहीत, पण आत जन्म घेतायत. आजच सुई घेतली तर सुटलात."

काकांनी पडदा ओढला. मॅडमनी मुंडकं बघितलं. आता पार्लर कोसळणार, म्हणून काका कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"बघा," रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "प्लास्टिकच्या आतलंसुद्धा दिसतं. किती तेज मशीन."

"किरणं आहेत ताई," मॅडम लगेच सावरल्या. "वस्तूचंही भविष्य सांगतात."

माना डोलल्या. कॅशियरची तर सगळ्यांत आधी. काकांना त्याच मुंडक्यावर आपलं टक्कल आपटावंसं वाटलं. आयुष्यभर लोकांना फसवलं त्यांनी, पण फसलेल्यांना शुद्धीवर आणायचा सराव कुठे होता?

खिदळी मात्र स्क्रीनकडे बघत होती. ती पुढे झाली आणि तिनं मुंडकं पेटीतून ओढून काढलं.

पेटी रिकामी. स्क्रीनवर कपाळ नाही, नाक नाही, कोणी नाही. फक्त दोन आडव्या आणि एक उभी रेघ, हवेत लटकलेल्या.

"या रेघा आधीपासूनच आत घातल्यात," खिदळी म्हणाली. "म्हणजे माझ्याही याच होत्या?"

मॅडम सेटिंगबद्दल काहीतरी पुटपुटल्या आणि त्यांनी वायर उपसली.

"सुई कोण देतं इथे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मीच. कोर्स केलाय."

"औषध खरं आहे," डॉक्टरबाई रांगेकडे वळल्या. "स्नायू काही महिने सैल पडतात, मग असर उतरतो. म्हणजे पुन्हा सुई, पुन्हा पार्लर. जन्मभर सुटका कसली? ज्याला हवं त्यानं शिकलेल्या डॉक्टरकडून, समजून घ्यावं. पण अजून न आलेली आठी कुणाला कधी येणार, हे अशी पेटी सांगत नाही. जे घडलंच नाही ते आम्ही थांबवलं, असं कुणी म्हणालं, तर आधी विचारा, कशावरून?"

"पण मशीन..." कॅशियर म्हणाले.

"मशीन खोटं बोलत नाही, साहेब," काका म्हणाले. "त्याच्यात भरणारा बोलतो."

रांग पांगली. जाता जाता त्या बाईंनी विचारलंच, "मग खरं मशीन कुठे मिळतं?" दात खाऊन काका मुंडकं पिशवीत भरत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या काचेत कॅशियरसाहेब उभे होते, टिकल्यांचा गुलाबी गाऊन घालून, मिशी तशीच ठेवून. बँकेतला अर्धा स्टाफ फुटपाथवर होता. सगळ्यांत पुढे खिदळी. तिचे ओठ थरथरले, खांदे हलले, आणि हसू फुटता फुटता तिची दोन बोटं डोळ्यांच्या कडा दाबून धरायला वर गेली.

काकांना वाटलं, पेटी तर सहज उघडी पडली. ही बोटं कोण काढणार?

तेवढ्यात काचेआड कॅशियरच्या नाकावर एक माशी बसली. पुतळ्याला नाक हलवायची परवानगी नव्हती. मिशीचं एक टोक तेवढं हळूहळू वर चढायला लागलं. खिदळीनं श्वास रोखला, रोखला, आणि मग दोन्ही हातांनी पोट धरून ती फुटपाथवर खालीच बसली.