शुक्रवारची नवी गाणी आणि माझा डावा कान

मी या रेकॉर्डच्या दुकानातला हेडफोन बोलतोय. हो, काउंटरच्या खिळ्याला लटकलेला, गादी फाटलेला, तोच. हसू नका. तारुण्यात माझ्यातून हिपहॉपचा असा ठेका गेलाय, की एका गिऱ्हाइकाचा सिमेंटनं बसवलेला दात निघून काउंटरवर पडला. खोटं वाटत असेल तर दाताला विचारा.

दर शुक्रवारी नवे अल्बम येतात. दुकानाचा नियम असा, की नवी रेकॉर्ड आधी मालकाच्या कानात; पसंत पडली तरच मोठ्या स्पीकरवर. ऑल्टरनेटिव्हवाले उदास, हिपहॉपवाले तावातावानं बोलणारे; त्यांना तो दोन गाण्यांत निकालात काढतो. इलेक्ट्रॉनिक अल्बम मात्र शेवटच्या खरखरीपर्यंत ऐकतो. श्वास रोखून.

कारण त्याची मुलगी. घरात यंत्रं जोडून ती तसलंच संगीत करायची. एकदा इथं येऊन तिनं हौसेनं मला त्याच्या कानांवर चढवलं. "हा काय मिक्सर लावलायस!" म्हणत यानं मला ओढून भिरकावलं. तेव्हापासून माझा डावा कान मुका. मुलगी बॅग भरून गेली. आता गाणी कुठल्या नावानं काढते, याला ठाऊक नाही. म्हणून तिला आवाजावरून शोधत असतो.

पण त्याची सवय बघा. माझी उजवी बाजू कानावर, डावी मागं सरकवलेली. दार उघडलं तर कळावं म्हणून. न जाणो, तीच आली तर! गिऱ्हाइकानं माझी तक्रार केली, की म्हणायचा, "गाणं ऐकायला आलात की हेडफोन तपासायला?"

गेल्या शुक्रवारी तिचा अल्बम आला. बुटाच्या नाड्या बांधताना ती नकळत गुणगुणायची, तेच गुणगुणणं, पण फक्त डाव्या बाजूला. माझ्या तुटक्या वायरीपर्यंत आलं आणि अडलं. उजवीकडे नुसती ठकठक. "ही नव्हे," म्हणत मालकानं रेकॉर्ड परत पाठवायच्या खोक्यात टाकली. मी आतल्या आत तडफडलो.

आज, दर शुक्रवारी येतात त्या बस चालवणाऱ्या बाई आल्या. खोकं उचकून, कव्हर आवडलं म्हणून, नेमकी तीच रेकॉर्ड लावली.

"मालक, हा डावीकडून मेलाय हो."

"मग उजवीकडून ऐका."

"अहो, अर्धं गाणं खाताय तुम्ही!" त्यांनी माझी वायर पिळून घट्ट धरली आणि मला त्याच्या दोन्ही कानांवर बसवलं.

मी बोललो. इतक्या वर्षांनी, डाव्या कानात.

मालक खुर्ची नसलेल्या जागी बसायला गेला. सावरला. "नाड्या बांधतेय," तो पुटपुटला.

"कोण?"

"माझी पोर."

"मग फोन लावा की!"

"काय सांगू? की अर्धंच ऐकत होतो?"

"तेच सांगा. आणि जरा उरका. बस माझ्याशिवाय सुटत नाही, पण आतले लोक शिव्या घालतात."

नंबर त्याला पाठ होता. शेवटचा आकडा दाबायची हिंमत आजवर झाली नव्हती. आज दाबला. मला मानेवर सरकवून फोन कानाला लावला.

रिंग जातेय. बाईंनी वायर सोडलेली नाही. मला नवी गादी नको, नवी वायर नको. फक्त तू उचल गं, पोरी.