माझा क्लच कुणी जाळला?

मी बोलतेय कळंबमधून, सावळाराम आबांच्या गोठ्यातून. माझ्या एका अंगाला कडब्याची चळत आहे, दुसऱ्या अंगाला म्हैस. हँडलला लसणाच्या जुड्या टांगल्या आहेत आणि सीटवर पेंडीचं रिकामं पोतं पडलंय. नवख्याला मी अडगळ वाटेन. पण मी मोटारसायकल आहे. शंभर सीसीची, काळी, टाकीवर लाल पट्टा असलेली. तो पट्टा एके काळी रोज पुसला जायचा.

तुम्हा माणसांची एक खोड मी फार जवळून पाहिली आहे. गाडी नीट चालली की म्हणता, ‘मी चालवली.’ बिघडली की म्हणता, ‘गाडीनं दगा दिला.’ माझ्या बाबतीत यातलं काहीच म्हटलं गेलं नाही. माझ्या बिघाडाचं खापर तिसऱ्याच्याच माथी फुटलं. तेच सांगायचं आहे.

ब्याण्णव साली अविराजने मला बारामतीच्या दुकानातून घरी आणलं. अविराज हा आबांचा धाकटा मुलगा. बारामती एमआयडीसीत एका कारखान्यात तो प्रेस मशीनवर काम करायचा. मी आले त्या दिवशी त्याच्या आईने, सिंधुबाईंनी, माझ्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि दिव्यावर कुंकू लावलं. अविराजची बायको वृषाली दारात उभी होती. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. तिने मला हात लावला नाही, नुसती निरखून पाहत राहिली.

तीन वर्षं मी त्याला कळंबहून बारामतीला नेलं आणि आणलं. पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात मी कारखान्याच्या शेडमध्ये त्याची वाट पाहत उभी राहिले आणि तो आलाच नाही. प्रेसमध्ये त्याचा डावा हात सापडला होता. अंगठा वाचला, चारही बोटं गेली. जखम भरल्यावर कारखान्याने त्याला घरी बसवलं.

आता डाव्या हाताचं काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण मोटारसायकलचा क्लच डाव्या हातात असतो. क्लच म्हणजे माझं इंजिन आणि माझं चाक यांच्यामधली गाठ. मूठ आवळली की गाठ सुटते, मूठ हळूहळू सोडली की पुन्हा बसते. बोटं नसलेला हात ती मूठ आवळणार कसा? अविराजने एकदा गोठ्यात येऊन प्रयत्न केला. अंगठा आणि तळवा यांच्यात क्लच धरला, दाबला, आणि कळ मस्तकात गेली तसा खाली बसला.

त्याचा थोरला भाऊ सर्जेराव म्हणाला, “ईक आता. नायतर मला दे. उभ्या उभ्या गंजल.”

वृषाली चुलीपुढून उठून बाहेर आली. म्हणाली, “मी शिकते.”

सर्जेराव हसला. अविराज मात्र तेव्हा म्हणाला, “शिक की. काय अवघड हाय?” ते त्याचे शब्द मी विसरलेले नाही. तो माणूस मुळात वाईट होता असं मी म्हणणार नाही.

गावाबाहेरच्या माळावर तो मागे बसायचा आणि ती पुढे. साडीखाली तिने अविराजची जुनी पँट घातलेली असायची. पहिल्या दिवशी मी सारखी आचके देऊन बंद पडत होते. अविराज मागून सांगायचा, “एकदम सोडू नगंस. तान्हं पोर दुसऱ्याच्या हातात देतीस न्हवं, तसा सोड. त्यानं धरलं का न्हाय बघायचं, मगच हात काढायचा.”

हे तिला असं काही पटलं की पुढे तिच्या हाताने मला कधी हिसका म्हणून बसला नाही. मला चालवलेल्या सगळ्या हातांत तिचा हात चांगला होता. हे मी कौतुकाने सांगत नाही, साक्ष म्हणून सांगते आहे.

घरच्या रानात विहिरीजवळ तिने वांगी, गवार, दोडका, मेथी लावली. पहाटे दोन्ही बाजूंना भाजीची क्रेट बांधायची, अविराजला मागे बसवायचं आणि बारामतीची मंडई गाठायची. एसटी येईपर्यंत मंडईचा पहिला बाजार उरकलेला असायचा. आम्ही मात्र वेळेत असायचो. ओळखीची गिऱ्हाइकं झाली. घरात वृषालीला विचारून गोष्टी होऊ लागल्या. सिंधुबाईही शेजारणीला सांगायच्या, “आमच्या सुनंची वांगी बारामतीत उरत न्हाईत.”

पण नाक्यावर बसलेल्यांना काम नसतं आणि जीभ असते. कुणीतरी ओरडायचं, “अविराज, पुढं बसाया जागा न्हाय व्हय रं?” सुरुवातीला तो हसायचा. मग हसणं थांबलं. मग असं झालं, की नाका आला की तो वृषालीला म्हणायचा, “थांबव जरा, पाय मोकळं करतो.” आणि नाका चालत ओलांडून पुढे पुन्हा बसायचा. ती पुढे जाऊन थांबायची. मला तेव्हा वाटलं, असेल माणसाला संकोच. असतो.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यातली गोष्ट. सर्जेराव दुपारी आला आणि वृषालीला म्हणाला, “गाडी दे. कारखान्यावर जाऊन येतो, उसाच्या नोंदीचं बघायचंय.”

“भावजी, पहाटं बाजार हाय.”

“आगं आलोच की तासाभरात.”

तो कारखान्याकडे गेलाच नाही. गावाबाहेर दोन दोस्त वाट बघत होते. त्यांतला भिमा म्हणाला, नीरेच्या पात्रातून पलीकडे गाडी जाणार नाही. सर्जेराव म्हणाला, जाते. झालं, पैज लागली. तिघे माझ्यावर बसले आणि मला नदीत घातलं.

मे महिन्यातली नीरा म्हणजे वाळू, मधे एक गुडघाभर धार, आणि पुन्हा वाळू. पहिल्याच वाळूत माझं मागचं चाक रुतलं. सर्जेराव उतरला नाही. त्याने क्लच अर्धा दाबून ठेवला आणि रेस पूर्ण पिळली. इंजिन ओरडतंय, चाक जागच्या जागी वाळू उडवतंय आणि मधे माझ्या क्लचच्या प्लेटा एकमेकींवर घासून तापताहेत. धार ओलांडली, पुन्हा रुतले. पुन्हा तेच. जळका वास सुटला. भिमा म्हणाला, “आरं, काहीतरी करपतंय.” सर्जेराव म्हणाला, “करपू दे. पैज तर जितली!”

तिघांनी ढकलून मला परत आणलं. सपाटीवर मी कशीबशी चालत होते. सर्जेरावला ते कळलं नसेल असं नाही. कारण त्याने मला कालव्यावर नेऊन धुतलं. नीट, टाकीसकट. मला घेऊन जायचा तेव्हा त्याने माझ्यावरची धूळही कधी पुसली नव्हती.

“भावजी, गाडी धुतली व्हय?” वृषालीने नवल केलं.

“लई घाण झाली हुती,” एवढं बोलून तो गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखी भाजी बांधली. गावातला रस्ता सपाट, तिथे काही जाणवलं नाही. कालव्याच्या पुलाचा चढ लागला आणि वृषालीने रेस दिली. इंजिन रेस झालं, पण चाकापर्यंत ताकद पोचेना. तिने गिअर उतरवला. तेच. अर्ध्या चढावर मी थांबले आणि मागे घरंगळू लागले. तिने दोन्ही ब्रेक दाबले, पण ओझ्याने तोल गेला. आम्ही तिघंही आडवे झालो. अविराज नेमका डाव्या हातावर पडला. मागून येणारा ट्रॅक्टर कसाबसा थांबला. वांगी उतारावरून कालव्यात गेली.

माणसं जमली. त्यांत सर्जेरावही धावत आला. भावाला उठवायच्या आधी तो काय म्हणाला ते ऐका. “म्या सांगत हुतो! बाईमाणूस सारखा क्लच दाबून गाडी चालवतंय. जाळल्या न्हवं प्लेटा?”

क्लचचं नाव तोवर कुणीच काढलं नव्हतं. त्याने आधीच काढलं. जमलेल्यांपैकी एकालाही त्याचं नवल वाटलं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या.

टेंपोत घालून मला बारामतीला नेलं. अविराजच्या हाताला फडकं बांधलं होतं. वृषालीही बरोबर होती. जोतीराम मिस्त्री भिगवण रोडला बसायचा. तोंडाने फटकळ, सगळ्यांवर कावलेला. त्याने आधी क्लचची मूठ हलवून पाहिली. केबलला हवी तेवढी ढील होती. मला वरच्या गिअरमध्ये टाकून, मागचा ब्रेक दाबून त्याने क्लच सोडला. क्लच धड असता तर इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं असतं. ते आपलं चालतच राहिलं.

“मेलाय,” जोतीराम म्हणाला. ऑइल काढलं तर काळंकुट्ट, करपलेल्या वासाचं. मग त्याने उजव्या बाजूचं झाकण उघडलं आणि एकेक प्लेट काढून फडक्यावर मांडली.

अविराजने खालमानेने विचारलं, “हिच्या चालवण्यानं झालं का, मिस्त्री?”

जोतीरामने लोखंडी प्लेट त्याच्यापुढे धरली. ती निळी पडली होती. “हे बघ. सारखा क्लच दाबून चालवणाऱ्याची प्लेट हळूहळू झिजती. पार पातळ हुती. ही झिजल्याली न्हाय, एका दिवसात भाजल्याली हाय. रुतलेली गाडी कुणीतरी रेटून रेटून काढलीय.” मग त्याने साखळीच्या पुढच्या चक्राचं झाकण काढलं. आतून ओली वाळू भसकन खाली पडली. तिच्यात बारीक पांढरे शिंपले होते. “नदीत कशाला घातली हुती गाडी?”

वृषाली म्हणाली, “भावजी कारखान्यावर म्हणून घेऊन गेलं हुतं.”

“कारखान्याच्या रस्त्याला शिंपलं असत्यात व्हय?” जोतीराम म्हणाला.

अविराजने वाळू उचलून पाहिली. बोटं नसलेल्या तळव्यावर ती ठेवून उजव्या हाताने चाळत राहिला. त्याला सगळं कळलं होतं. तिला क्लच शिकवणारा तोच तर होता.

जोतीरामने नव्या प्लेटा घातल्या, क्लचच्या स्प्रिंगा बदलल्या, नवं ऑइल भरलं, चाकांचे ड्रम उघडून वाळू धुऊन काढली. वृषालीने मला घरी आणलं. कालव्याचा तोच चढ मी एका दमात चढले. चढून गेल्यावर ती मोठ्याने हसली. म्हणाली, “बघा, माझा हात न्हवता त्यो!” मागून उत्तर आलं नाही. वाऱ्यात ऐकू गेलं नसेल असं तिला वाटलं असावं. मला तसं वाटलं नाही.

दिवेलागणीला अंगणात सगळे बसले होते. आबा बाजेवर, सर्जेराव पायरीवर, सिंधुबाई जात्याशी. मी कोपऱ्यात उभी.

आबा म्हणाले, “आता गाडी हिच्या हातात नगं. पोराचा उरलेला हात जायाचा.”

वृषाली पुढे आली. “मामा, गाडी नदीत घातली हुती. प्लेटा तितंच जळल्या. मिस्त्रीनं वाळू काढून दावली.”

“म्हंजी म्या जाळल्या?” सर्जेराव उठला. “आबा, ऐकताय का? गाडी पाडली हिनं आणि नाव माझं!”

आबांनी अविराजकडे पाहिलं. “तू हुतास न्हवं तितं? काय म्हणाला मिस्त्री?”

अंगणात सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. वृषाली तर अगदी निर्धास्त उभी होती. पदर सारखा करून, आता नवरा सांगेल आणि विषय संपेल, अशी.

अविराज म्हणाला, “मला काय त्यातलं कळत न्हाय, आबा. प्लेटा जळल्या म्हणाला. बाकी काय न्हाय.”

त्याच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. सगळं रान सर्जेराव कसत होता. त्याला दुखवायची भीती असेल. की नाक्यावरची ती हाक कायमची बंद होईल, याची सुटका वाटली असेल? दोन्ही असेल. एवढं खरं, की बोलून झाल्यावर त्याचे खांदे सैल पडले. बायकोचं तोंड त्याने पाहिलं नाही. मी पाहिलं. ती रडली नाही. माझी किल्ली तिच्या कमरेला होती. ती काढून तिने आबांच्या बाजेवर ठेवली आणि आत गेली.

किल्ली सर्जेरावने उचलली. पुढच्या उसाच्या हंगामात त्याने माझ्या नव्या प्लेटाही जाळल्या. तेव्हा अंगणात बैठक बसली नाही. ‘गाडीच जुनी झाली’ असं ठरलं. मग त्याने दुसरी गाडी घेतली आणि मी गोठ्यात आले.

वृषालीच्या भाजीच्या वाफ्यांत आता ऊस आहे. दोनच सऱ्या मेथीच्या राहिल्यात. त्या घेऊन ती एसटीने जाते आणि पोचते तेव्हा मंडईत सांडलेला पाला उरलेला असतो.

अविराज रोज सकाळी माझ्या आरशापुढे येऊन एका हाताने सदऱ्याची बटणं लावतो. पूर्वी वृषाली लावून द्यायची. परवा ती म्हशीला पाणी पाजायला आली तेव्हा तो तिथेच होता. म्हणाला, “वृषाली, त्या दिशी माझी जीभच उचलली न्हाय गं.”

“माझी उचलली हुती,” ती म्हणाली. “एकटीची.” आणि बादली घेऊन गेली.

दसऱ्याआधी मला भंगारात द्यायचं ठरलंय. घेऊन जाऊ देत. मला ना नवा रंग हवा, ना पूजा. एकच मागणं आहे. माझे भाग सुटे करताना भंगारवाला हटकून विचारेल, ‘गाडी कशानं गेली हो?’ तेव्हा तिथे उभ्या असलेल्यांनी हवं ते सांगावं. नदी सांगावी, वय सांगावं, नशीब सांगावं. बाईचा हात सांगू नये.